बकआय: शेंगदाणा, चॉकलेट आणि सुटणारे तेल

घरी दळलेल्या शेंगदाण्यांचे माझे पहिले बकआय दहाव्या दिवशी पांढरे पडले. डब्याचे झाकण उघडले तेव्हा चकचकीत तपकिरी चॉकलेटवर करड्या रेषा पसरल्या होत्या, तळाच्या कागदावर प्रत्येक गोळ्याखाली तेलाचा वाटोळा डाग पडला होता, आणि बोटांत धरताच कवच कट्‌कन न तुटता भिजलेल्या साबणासारखे दबत होते. बुरशी नव्हती, खवट वास नव्हता, चवही फारशी बिघडली नव्हती; पण ज्या मिठाईचे सगळे रूप तिच्या तकाकीत आहे, ती अशा अवस्थेत कोणाच्या हातावर ठेवणे मला शक्य नव्हते. ती मिठाई मी कशी शिकले, कुठे चुकले आणि त्या चुकीचे कारण शोधताना पीनट बटरच्या इतिहासात मला का शिरावे लागले, ते इथे लिहीत आहे.

बकआय हे मुळात एका झाडाचे नाव. अमेरिकेतल्या ओहायो राज्याने १९५३ मध्ये ज्याला राज्यवृक्षाचा मान दिला, त्या झाडाला काटेरी फळे येतात आणि पानगळीच्या सुमारास ती उकलली की आतून गडद तपकिरी, पॉलिश केल्यासारखी गुळगुळीत बी बाहेर पडते. बीच्या एका अंगाला फिकट गोल ठिपका असतो, त्यामुळे ती हरणाच्या डोळ्यासारखी दिसते. नावाचा अर्थही तोच. ही बी विषारी असल्याने खाता येत नाही, पण शुभ म्हणून ती खिशात बाळगणारी माणसे अजून भेटतात. १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत ओहायोचे उमेदवार विल्यम हेन्री हॅरिसन यांच्या समर्थकांनी बकआयच्या लाकडाच्या काठ्या मिरवल्या, आणि तेव्हापासून ओहायोचा माणूस म्हणजे बकआय ही ओळख घट्ट होत गेली; ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघांचे तर १९५० पासून ते अधिकृत नावच आहे. खाता न येणाऱ्या या बीची खाता येईल अशी प्रतिकृती म्हणजे बकआय नावाची मिठाई. पीनट बटर, बटर आणि पिठीसाखर यांचा मोठ्या सुपारीएवढा गोळा वळायचा आणि तो चॉकलेटमध्ये असा बुडवायचा की माथ्यावर एक लहानसे वर्तुळ उघडे राहावे. ते उघडे वर्तुळ म्हणजे हरणाचा डोळा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रकार ओहायोच्या घराघरांत पोचला, आणि आज नोव्हेंबरच्या अखेरीस ओहायो स्टेटचा मिशिगनविरुद्धचा अमेरिकन फुटबॉल सामना असतो तेव्हा कोलंबस शहरातल्या कितीतरी घरांत दिवाणखान्याच्या मेजावर बकआयची ताटली असतेच.

कोलंबसला राहायला आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी हे गोळे शेजारच्या आजींकडून शिकले. त्यांना मी समोर नावानेच हाक मारते, कारण तिथली रीतच तशी आहे, पण मनात मात्र त्या मला आजीच वाटतात. दिवाळीत मी त्यांच्याकडे फराळाचे ताट नेले होते. त्यातला बेसनाचा लाडू त्यांनी हातात फिरवून पाहिला आणि हा इतका गोल कसा वळला, असे विचारले. तुपाचा हात आणि कोमट मिश्रण, एवढेच त्यातले गुपित असल्याचे मी सांगितले, तेव्हा येत्या शनिवारी माझ्याकडे वळायला ये, असे त्या म्हणाल्या. त्या शनिवारी आम्ही दोघींनी मिळून नव्वदच्या आसपास गोळे वळले.

त्यांचे प्रमाण कपांचे होते: दीड कप पीनट बटर, एक कप बटर, सहा कप पिठीसाखर, अर्धा चमचा व्हॅनिला. वजनात सांगायचे तर साधारण ३८५ ग्रॅम, २२५ ग्रॅम आणि ७२० ग्रॅम, म्हणजे मिश्रणात अर्ध्याहून अधिक साखरच. मला ते ऐकूनच जड वाटले, पण कणीक मळावी तसे मिश्रण मळायला घेतल्यावर साखर एवढी का लागते ते हातांनाच कळले. पहिल्या तीन कपांपर्यंत मिश्रण हाताला चिकटत होते, चौथ्या कपाला ते परातीच्या कडा सोडू लागले आणि सहाव्या कपानंतर त्याचा लाडू वळता आला. या मिश्रणात पाक नाही, भाजलेले पीठ नाही; त्याला आकार धरून ठेवायला जे काही आहे ते साखरेचे बारीक कण आणि थंडाव्याने घट्ट होणारे बटर. तिकडच्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून थोडे कॉर्नफ्लोअर घातलेले असते, त्याचीही थोडी मदत होते. घरच्या मिक्सरवर केलेल्या पिठीसाखरेने तोच गोळा मला नंतर किंचित सैल वाटला.

वळलेले गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्यावर आजींनी चॉकलेट वितळवायला घेतले, आणि तेव्हा त्यांनी कपाटातून मेणाची एक वडी काढली. हे खाद्य दर्जाचे पॅराफिन मेण होते. मुरंब्याच्या बरण्या हवाबंद करण्यासाठी तिकडे ते पूर्वापार वापरत आले आहेत. वडीचा छोटा तुकडा त्यांनी चॉकलेटमध्ये विरघळवला. त्यामुळे चॉकलेट पातळ होते, गोळ्यावर सरसर बसते, लवकर सुकते आणि त्याला चकाकी येते. त्यांच्या आईच्या पिढीपासून चालत आलेली ही युक्ती आहे, आणि बेकिंगच्या चॉकलेटच्या चकत्या दाटसर वितळतात, हे ध्यानात घेतले तर ती अगदी समजण्याजोगी आहे. मेण पचत नाही, जसेच्या तसे बाहेर पडते, अपाय होत नाही, हे मला पटले. तरीही जिभेवर शेवटी राहणारा तो बेचव थर मला खटकला. त्यांच्या स्वयंपाकघरात मी त्याबद्दल अवाक्षर काढले नाही. पुढे आपल्या घरी करताना मेण वापरायचे नाही, एवढे मात्र मी तिथेच ठरवले.

आणखी एक गोष्ट मी ठरवली, आणि तीच मला महागात पडली. पीनट बटरही घरी करायचे. सांगली जिल्ह्यात माझ्या मामांचा लाकडी घाणा होता आणि माझ्या सुट्ट्या शेंगांच्या पोत्यांवर बसून गेल्या आहेत. उपट्या वाणाच्या लहान, लालसर दाण्याला तेल जास्त, हे मी पाढे पाठ होण्याआधी ऐकले होते. शेंगदाण्याच्या बाबतीत बरणीतले विकतचे काही आणायचे, हे मला कमीपणाचे वाटत होते.

भारतीय किराणा दुकानातून मी एक किलो कच्चे दाणे आणले आणि ते ताटात पसरून निवडले. सुरकुतलेले, काळपट, तुटके किंवा बुरशीचा वास येणारे दाणे मी बेधडक फेकून देते, आणि याबाबतीत काटकसर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ओलसर साठवणीत शेंगदाण्यावर अस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक असलेले विष तयार होते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की पक्षी मोठ्या संख्येने मेले, तेव्हा त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाणा पेंडीवरून या विषाचा शोध लागला. भाजल्याने ते पूर्णपणे जात नाही, म्हणून निवडणे हाच घरातला खरा उपाय आहे.

दाणे मी लोखंडी कढईत मंद आचेवर, सतत हलवत, साल सहज सुटेपर्यंत भाजले, गार केले, चोळून सुपात पाखडले आणि मिक्सरला लावले. पहिल्या मिनिटात आपला ओळखीचा कूट झाला. दुसऱ्या मिनिटाला कूट भांड्याच्या कडेला चिकटू लागला, मग त्याचा एक ओलसर गोळा पात्यांवर गरगर फिरू लागला. आपल्याकडे कुटाचा लाडू करताना आपण इथेच थांबतो. मी थांबले नाही. चौथ्या-पाचव्या मिनिटाला तो गोळा अचानक सैल पडला आणि भांड्यात चकचकीत, ओघळणारी पेस्ट तयार झाली. दाण्याच्या निम्म्याच्या आसपास तेलच असते. पेशी फुटल्या की ते बाहेर येते आणि उरलेले घन कण त्यात तरंगू लागतात. मसाला परतताना ‘तेल सुटले’ म्हणजे काम जमले, असे मानणाऱ्या स्वयंपाकघरात मी वाढले होते, त्यामुळे ती पेस्ट पाहून मला आनंदच झाला.

बटर आणि साखर घालून मळायला घेतल्यावर मात्र गोळा बसेना. सहा कप साखर संपली, सातवा घातला, तरी वळलेला गोळा ताटात पाच मिनिटांत चपटा होई. तेव्हा मी दोन चमचे दूध शिंपडले, आणि मिश्रण क्षणात घट्ट झाले. मला वाटले, सापडला उपाय. पण वळताना हाताला तेल लागू लागले, आणि प्रत्येक गोळा बाहेरून ओलसर चमकत होता. घाण्यात दाणा चुरला की मामा त्यावर पाण्याचा शिपका मारत, कारण पाण्याने पेंड घट्ट धरते आणि तेल वेगळे होते, हे मी लहानपणी शंभर वेळा पाहिले होते. तेच मी माझ्या परातीत केले होते, आणि ते माझ्या लक्षात आले दहा दिवसांनी, डब्याचे झाकण उघडल्यावर.

आता प्रश्न असा होता की आजींच्या गोळ्यांत हे का होत नाही. दाणा तोच, साखर तीच. फरक बरणीत होता, आणि बरणीत काय आहे ते समजून घेण्यासाठी मला मागे जावे लागले.

शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, आणि तिथले लोक तो फार पूर्वीपासून दळून खात असत. उत्तर अमेरिकेत त्याचा प्रसार झाला तो आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर. दक्षिणेकडच्या राज्यांत शेंगदाण्याला ‘गूबर’ म्हणतात तो शब्द मध्य आफ्रिकेतल्या काँगो भाषेतल्या ‘न्गुबा’वरून आला. नंतरच्या पेटंटांच्या आणि कारखान्यांच्या कहाणीत या माणसांची नावे कुठेच येत नाहीत, म्हणून ही गोष्ट मी आधी सांगते. पेटंटाची नोंद सुरू होते मॉन्ट्रियलच्या मार्सेलस गिलमोर एडसन यांच्यापासून. त्यांनी १८८४ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतले, आणि मला सर्वांत उद्बोधक वाटले ते त्या पेटंटाचे शीर्षक: शेंगदाण्याच्या कँडीची निर्मिती. भाजलेले दाणे तापवलेल्या पृष्ठभागांमध्ये दळून द्रवासारखे करायचे आणि त्यात साखर मिसळून ते घट्ट करायचे, अशी ती कृती आहे. म्हणजे पीनट बटरच्या पहिल्या नोंदीतच ती पेस्ट पावाला लावायला नव्हे, तर मिठाईसाठी आहे, आणि तिला उभे करण्याचे साधन तेच आहे जे आजींच्या परातीत होते.

त्यानंतर मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथल्या आरोग्यधामाचे डॉ. जॉन हार्वी केलॉग यांनी १८९५ मध्ये दाण्यांच्या पेस्टसाठी पेटंटाचा अर्ज केला. ते शाकाहाराचे पुरस्कर्ते होते आणि रुग्णांना सहज खाता येईल असे प्रथिनयुक्त अन्न त्यांना हवे होते. त्यांची पद्धत दाणे भाजण्याची नसून शिजवण्याची होती, त्यामुळे ती पेस्ट आजच्यासारखी खमंग नसणार. १९०३ मध्ये सेंट लुईसच्या अँब्रोज स्ट्रॉब यांनी पीनट बटर दळण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि पुढच्याच वर्षी त्या शहरात भरलेल्या जागतिक प्रदर्शनात पीनट बटर लोकांना विकले गेले. कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना पीनट बटरचे जनक म्हणण्याची प्रथा आहे, ती बरोबर नाही. त्यांची १९१६ ची पुस्तिका शेंगदाण्याची लागवड आणि त्याचे १०५ पदार्थ सांगते. कापसाने कस गेलेल्या जमिनीत भुईमूग लावावा म्हणून त्यांनी केलेले काम इतके मोठे आहे की न लावलेल्या शोधाचे श्रेय त्यांना देण्याची गरज नाही.

या साऱ्या काळात एक अडचण कायम होती, आणि ती माझ्याच डब्यातली अडचण होती. तेल वर यायचे. किराणा दुकानदार पीनट बटरचे पिंप ठेवत आणि विकण्याआधी लाकडी वल्ह्याने ढवळत. वर आलेले तेल हवा लागून खवट होई, खालचा थर दगडासारखा बसे. कॅलिफोर्नियाच्या जोसेफ रोझफील्ड यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला यावर उपाय काढला. तेलाचा काही भाग हायड्रोजनच्या साहाय्याने घट्ट केला की त्याचे सूक्ष्म स्फटिक साऱ्या पेस्टमध्ये जाळे विणतात आणि पातळ तेल त्यात अडकून राहते. या पद्धतीवर १९२८ मध्ये पीटर पॅन हा ब्रँड आला आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला रोझफील्ड यांचा स्वतःचा स्किपी. आजही अशा बरण्यांवरची यादी वाचली तर एक-दोन टक्के घट्ट केलेले वनस्पती तेल त्यात सापडते. बरणीत दाणे किती असावेत यावरही पुढे मोठा वाद झाला. १९५९ मध्ये सुरू झालेली ती सुनावणी-लढाई १९७० च्या सुमाराला संपली, आणि किमान ९० टक्के शेंगदाणे हवेत असा नियम झाला. कारखान्यांच्या वकिलांसमोर गृहिणींची बाजू मांडायला रूथ डेझमंड सुनावण्यांना नियमाने जात असत. त्यांच्याविषयी वाचले तेव्हा मला फार बरे वाटले, कारण बरणीत काय आहे हे विचारण्याचा हक्क शेवटी ती उघडणाऱ्या माणसाचा आहे.

एवढे वाचल्यावर आजींच्या कृतीकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. बकआय ज्या काळात घराघरांत रुजला, तोपर्यंत तेल धरून ठेवणारी बरणी अमेरिकेच्या प्रत्येक फडताळात पोचली होती. त्यांच्या कृतीत ‘पीनट बटर’ एवढाच शब्द आहे, पण तो शब्द ते अडकवलेले तेल गृहीत धरतो. शेजारच्या पेनसिल्व्हेनियातले हॅरी बर्नेट रीस यांचे उदाहरणही याच जागी आठवते. हर्शी कंपनीच्या गोठ्यावर काम केलेल्या या माणसाने १९२३ मध्ये स्वतःची मिठाई कंपनी काढली, हर्शीचेच चॉकलेट विकत घेऊन १९२८ मध्ये पीनट बटर कप बनवले, दुसऱ्या महायुद्धात साखर मिळेनाशी झाल्यावर बाकीचे प्रकार बंद करून तेवढेच चालू ठेवले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९६३ मध्ये त्यांच्या मुलांनी ती कंपनी हर्शीत विलीन केली. कपाचा फायदा असा की कागदी वाटी आणि चॉकलेटची भिंत आतल्या मऊ सारणाला आधार देतात. हाताने वळलेल्या गोळ्याला तो आधार नाही. चॉकलेट बसेपर्यंत त्याला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागते. त्यात माथा उघडा, त्यामुळे आतल्या सारणाची लबाडी लपत नाही.

पांढऱ्या रेषांचे कारणही तेलातच होते. कोकोच्या लोण्याचे सहा प्रकारचे स्फटिक होऊ शकतात. त्यातला पाचवा प्रकार सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळतो, कट्‌कन तुटतो आणि चकाकतो. टेंपरिंग म्हणजे चॉकलेटला त्याच प्रकारात बसायला भाग पाडणे. माझ्या गोळ्यांतले मोकळे शेंगदाणा तेल हळूहळू कवचात शिरले, त्याने कोकोचे लोणी मऊ केले, त्यातला काही भाग विरघळून पृष्ठभागावर आला आणि तिथे दुसऱ्या रूपात पुन्हा गोठला. तोच पांढरा थर. चॉकलेट कितीही नीट टेंपर केले असते तरी आतून तेल येत राहिले असते, तर हे टळले नसते.

पुढच्या खेपेला माझ्यासमोर दोन वाटा होत्या: बरणी आणणे, किंवा रोझफील्ड यांनी केले ते काम घरच्या साधनाने करणे. मिठाईवाले सुकामेव्याच्या पेस्टमध्ये कोकोचे लोणी मिसळून तिला बसवतात, हे मला वाचनात सापडले होते, आणि ते साधन माझ्या हाताशी होते. मी ५०० ग्रॅम दाणे दळले, पण या वेळी पेस्ट पूर्ण ओघळू लागण्याच्या थोडे आधी, ती चमच्यावरून जडपणे पडत असतानाच थांबले. ६० ग्रॅम कोकोचे लोणी वेगळे वितळवून त्यात मिसळले आणि भांडे गार पाण्याच्या परातीत ठेवून, पाण्याचा थेंबही आत जाणार नाही याची काळजी घेत, ढवळत राहिले. पंचवीस मिनिटांनी मिश्रणाचा रंग फिकट झाला आणि ते श्रीखंडाच्या चक्क्यासारखे उभे राहू लागले. मग ६० ग्रॅम मऊ बटर, ३८० ग्रॅम पिठीसाखर, अर्धा चमचा मीठ आणि व्हॅनिला. दुधाला हात लावला नाही. साखर जवळजवळ निम्मी होऊनही गोळा बसला, आणि दाण्याची चव पहिल्यांदा साखरेच्या पुढे आली. १५ ग्रॅमच्या हिशेबाने पासष्ट गोळे झाले. तळहात तापले की गोळ्याला चकाकी येते, ते तेलाचे लक्षण; तेव्हा हात गार पाण्यात बुडवून, कोरडे पुसून मगच पुढचा गोळा.

चॉकलेटचे काम सर्वांत निगुतीने करावे लागते आणि त्यात मी घाई केली तेव्हा प्रत्येक वेळी पस्तावले. ४५० ग्रॅम गडद चॉकलेटपैकी दोन तृतीयांश मी वाफेवरच्या भांड्यात ४५ अंशांपर्यंत वितळवते. भांडे उचलताना त्याच्या बुडाची वाफ आत पडू द्यायची नाही. एकदा दोनच थेंब पडले आणि सगळे चॉकलेट क्षणार्धात रव्याच्या गोळ्यासारखे आखडले. उरलेले एक तृतीयांश बारीक चिरून थोडे थोडे घालत, तापमान ३१ ते ३२ अंशांवर येईपर्यंत ढवळायचे. न वितळलेल्या तुकड्यांतले योग्य स्फटिक बाकीच्या चॉकलेटला वळण लावतात, विरजण दुधाला लावते तसे. सुरीचे टोक बुडवून बाजूला ठेवावे. पाच मिनिटांत ते चकाकीसह सुकले तर पुढे जावे, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

गोळे फ्रिजमधून काढून दहा मिनिटे बाहेर ठेवते. फार थंड गोळा बुडवला तर आतले सारण नंतर फुगून कवचाला तडा जातो, आणि वर दव धरले तर चॉकलेटवर साखरेचे डाग उठतात. फार कोमट असला तर तो काडीवरून सुटून भांड्याच्या तळाशी जातो. दातकोरणी माथ्यात खोचायची, गोळा तीन चतुर्थांश बुडवायचा, वर उचलून हलकेच झटकायचा, भांड्याच्या कडेला पाय पुसायचा आणि कागदावर ठेवून काडी पिळत काढायची. काडीचे भोक बोटाच्या टोकाने मिटवायचे. हे भोक मिटवण्यात आजींचा हात विलक्षण आहे. त्यांच्या बकआयच्या डोळ्यात काडी कुठे होती ते शोधून सापडत नाही. माझ्या गोळ्यांवर अजून एक छोटी खळी राहते.

ती खेप मी मुद्दाम एकवीस दिवस ठेवली, रोज एक गोळा उघडून पाहिला. कवच शेवटपर्यंत तुटताना आवाज करत होते, कागद कोरडा होता. उघड्या माथ्याकडून सारण किंचित कोरडे पडले, पण ते या मिठाईच्या घडणीतच आहे. दोन आठवड्यांत संपवावी हे उत्तम. डब्यावर मी शेंगदाणा असल्याची चिठ्ठी मोठ्या अक्षरांत लावते, कारण तिकडे शेंगदाण्याची जीवघेणी ॲलर्जी असलेली मुले अनेक घरांत आहेत आणि तयार पदार्थांवर ते लिहिणे २००४ च्या कायद्यानेही बंधनकारक केले आहे.

डिसेंबरमध्ये भारतात येताना चोवीस गोळे हातातल्या पिशवीतून आणले. चॉकलेट ३४ अंशांना वितळते हे ठाऊक असल्यामुळे मे महिन्यात मी ते धाडस केले नसते. मामांचा घाणा आता बंद आहे, पण हाताची सवय गेलेली नाही. त्यांनी गोळा खाल्ला नाही, आधी मोडला, आतले सारण अंगठा आणि तर्जनीत चोळले, बोटे उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, “तेल बांधलंयस चांगलं. पण दाणा कच्चा राहिलाय गं. साल सुटली म्हणजे भाजला असं नसतं, आतली डाळ तांबूस व्हायला पाहिजे.” मग त्यांनी तो खाल्ला, आणि दुसरा मागितला.

कोलंबसला परतल्यावर पुढच्या खेपेचे दाणे मी साल सुटल्यानंतर आणखी चार मिनिटे कढईत ठेवले आणि दर मिनिटाला एक दाणा फोडून आतला रंग पाहिला. त्या खेपेतले दहा गोळे आजींना दिले. त्यांनी विचारले, या वेळी पीनट बटर कोणत्या कंपनीचे वापरलेस.